थायरॉईडची गोळी बंद केली. मग मनीची किडनी वाचली का?

प्रश्न

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्यांच्याकडे १४ वर्षांची मांजर आहे; आपण तिला मनी म्हणू. दोन वर्षांपूर्वी साडेचार किलोची मनी आता ३.२ किलोवर आली आहे. भस्म्या झाल्यासारखी खायची, तरी बरगड्या हाताला लागायच्या. रात्री दोन-तीनला घरभर ओरडत फिरायची, पाणीही खूप प्यायची. गेल्या वर्षी माणसांच्या लॅबमध्ये तिचं टी-४ (थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण) ५.८ आलं होतं आणि कागदावर 'नॉर्मल' छापलेलं होतं, म्हणून विषय तिथेच संपला. यंदा पशुवैद्यकीय लॅबमध्ये टी-४ ९.२ आणि क्रिएटिनिन (किडनी रक्त किती साफ करते हे दाखवणारा आकडा, वाढला की काळजीचा) १.३ आलं. डॉक्टरांनी थायरॉईड कमी करणाऱ्या कार्बिमॅझोलची ५ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली. तीन आठवड्यांनी मनी सुस्त झाली, खाणं कमी झालं, आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन २.६, फॉस्फरस ५.४. या बाईंना वाटलं, औषधानं किडनी गेली. त्यांनी गोळी बंद केली आणि डॉक्टरांकडे परत गेल्या नाहीत. याला १२ दिवस झाले. मनी पुन्हा हिंडते-फिरते, खायला मागते. शेजारच्या बाईंनी रोज १०० मिली सलाईन द्यायला सुचवलं आहे, भाऊ म्हणतो थायरॉईड वाढलेलंच राहू द्या, त्यानं किडनीला मदत होते, आणि आईचं म्हणणं, या वयात तिला गोळ्या भरवून छळू नका. त्या विचारतात : थायरॉईड सांभाळू की किडनी? आणि रेडिओआयोडीन (थायरॉईडच्या बिघडलेल्या पेशी नष्ट करणारं किरणोत्सर्गी आयोडीन) किंवा शस्त्रक्रिया करावी का?

उत्तर

तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर लाल बाण आहे आणि तुमची नजर तिथेच अडकली. साहजिक आहे. पण त्याच कागदावर थोडं वर टी-४ छापलं आहे : ०.७. मांजराची मर्यादा बहुतेक पशुवैद्यकीय लॅबमध्ये साधारण ०.८ ते ४.७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. म्हणजे ९.२ वरून मनीचं थायरॉईड नुसतं आटोक्यात आलं नाही, ते गरजेपेक्षा खाली गेलं. तिची सुस्ती, कमी झालेलं खाणं आणि वाढलेलं क्रिएटिनिन या तिन्ही गोष्टी त्या ०.७ शी जोडून पाहायला हव्यात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका आकड्यात आहे. औषध चुकीचं नव्हतं, मात्रा मनीसाठी जास्त होती.

आता उरलेलं अर्धं. आधीचं १.३ क्रिएटिनिन पाहून तुम्ही धरून चाललात की किडनी ठणठणीत होती आणि गोळीनं ती बिघडवली. ते १.३ खरं नव्हतं. थायरॉईड वाढलं की हृदय जोरात रक्त फेकतं, किडनीतून जाणारं रक्त वाढतं आणि गाळण्याचा वेगही वाढतो. थकलेली किडनीसुद्धा त्या रेट्याखाली रक्त साफ केल्यासारखं दाखवते. दुसरं कारण स्नायूंचं. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, आणि मनीचे स्नायू झडलेले आहेत. म्हणजे तयारच कमी होतं आणि बाहेर जास्त टाकलं जातं. मग आकडा चांगला दिसणारच. तिच्या पहिल्या लघवीच्या तपासणीत घनता १.०२२ आहे. निरोगी मांजराची लघवी सहसा १.०३५ च्या वर घट्ट असते. थायरॉईडमुळेही लघवी पातळ होऊ शकते, त्यामुळे एवढ्यावरून किडनीचा आजार सिद्ध होत नाही, पण आत काहीतरी झाकलेलं आहे याची ती खूण होती.

थायरॉईडवर उपचार सुरू केल्यावर बऱ्याच म्हाताऱ्या मांजरांमध्ये आधीपासूनचा किडनीचा आजार असाच उघडा पडतो. गाळण्याचा वेग साधारण महिन्याभरात खाली येऊन स्थिरावतो, आणि त्या वेळी दिसणारा आकडा हा किडनीचा खरा आकडा. आधीच कोण उघडं पडणार हे सांगणारी खात्रीची तपासणी नाही. एसडीएमए नावाची रक्ततपासणी आता होते आणि तिच्यावर स्नायूंचा परिणाम कमी होतो, पण वाढलेल्या गाळण्याच्या वेगामुळे तीही फसते.

यात एक बाब अभ्यासांतून चांगली स्पष्ट झालेली आहे आणि ती तुम्ही नीट लक्षात घ्यावी. उपचारानंतर क्रिएटिनिन वाढलं, पण टी-४ योग्य मर्यादेत राहिलं, अशा मांजरांचं आयुष्य इतर उपचार झालेल्या मांजरांपेक्षा कमी झालेलं दिसत नाही. ज्यांचं टी-४ खूप खाली ढकललं गेलं आणि सोबत क्रिएटिनिनही वाढलं, त्यांचं मात्र कमी होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांशी होणारं बोलणं 'गोळी द्यायची की नाही' यावर नको, 'किती द्यायची' यावर व्हायला हवं.

गोळी बंद केल्यावर मनी सुधारली असं तुम्ही लिहिता. कार्बिमॅझोल थांबवलं की दोन-तीन दिवसांतच टी-४ पूर्वपदावर चढतं. म्हणजे गेले १२ दिवस ती जवळजवळ पूर्ण आजारात आहे. तिचं खायला मागणं ही तब्येत नाही, तो भस्म्याच आहे. खात्री करायची असेल तर आजच तिचं वजन करा. स्वतः तिला घेऊन काट्यावर उभं राहण्यात १००-२०० ग्रॅमचा फरक कळत नाही. बाळांचा वजनकाटा किंवा स्वयंपाकघरातला ५ किलोचा काटा आणि त्यावर टोपली असं करा. ३.२ किलोच्या मांजरात १०० ग्रॅम म्हणजे तीन टक्के वजन.

भावाचं म्हणणं ऐकायला पटण्यासारखं आहे : थायरॉईड वाढलेलं असेल तर किडनीला जास्त रक्त मिळतं, मग राहू द्या. अडचण अशी की जे रक्त मिळतं ते दाबानं मिळतं. उरलेल्या प्रत्येक गाळणीवर जादा काम पडतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, रक्तदाब चढतो, आणि जी गाळणी आज काम करते ती उद्या झिजते. तिकडे हृदयाची भिंत जाड होत जाते आणि स्नायू गळत राहतात. बैल थकलाय म्हणून त्याला चाबूक मारून पळवावं आणि तो पळतोय म्हणून ठणठणीत आहे म्हणावं, त्यातला हा प्रकार. वाढलेलं थायरॉईड किडनीचा आकडा सुधारतं आणि किडनी बिघडवतं. आपल्याला आकडा सांभाळायचा नाही.

पुढे काय करायचं

डॉक्टरांना फोन करा आणि १२ दिवस गोळी बंद आहे हे स्पष्ट सांगा. लपवू नका, नाहीतर पुढच्या रिपोर्टमधलं वाढलेलं टी-४ पाहून ते मात्रा आणखी वाढवतील. मग त्यांच्याशी हे बोला : तीच गोळी निम्म्या मात्रेनं, म्हणजे ५ मिलिग्रॅमची अर्धी, १२-१२ तासांनी सुरू करता येईल का. किडनीचा आजार असलेल्या किंवा संशय असलेल्या मांजरात कमी मात्रेपासून वर चढणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तुम्ही कुठे वाचताना मेथिमॅझोलच्या मात्रा पाहिल्या असतील तर त्या जशाच्या तशा इथे लावू नका. कार्बिमॅझोलचं शरीरात गेल्यावर मेथिमॅझोल होतं, आणि १० मिलिग्रॅमपासून साधारण ६ मिलिग्रॅमच मिळतं.

सुरू करण्याआधी किंवा त्याच भेटीत तीन गोष्टी करून घ्या, ज्या तुमच्या कागदांत मला दिसल्या नाहीत : रक्तदाब, लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण, आणि पोटॅशियम. हृदयात मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येतो का हेही विचारा. रक्ताच्या तपासणीसाठी तिला रात्रभर उपाशी ठेवू नका आणि पाणी तर कधीच काढून घेऊ नका. तहानलेल्या मांजराचं क्रिएटिनिन उगाच वाढलेलं येतं.

नंतर तीन आठवड्यांनी रक्त, मग मात्रा बदलली तर पुन्हा तीन-चार आठवड्यांनी, आकडे स्थिरावले की दर तीन महिन्यांनी. दर वेळी टी-४ आणि क्रिएटिनिन एकाच नमुन्यातून, एकाच लॅबमध्ये. मनीसाठी टी-४ साधारण १.५ ते २.५ च्या आसपास राहिलं तर उत्तम. ते तिथे असताना क्रिएटिनिन जे येईल, २.० असो वा २.४, ते तिचं खरं क्रिएटिनिन म्हणून स्वीकारा आणि किडनीचे उपचार त्या आकड्यावर ठरवा. ०.७ च्या वेळचं २.६ थोडं खाली येण्याची चांगली शक्यता आहे, कारण थायरॉईड कमी पडलं की किडनीचा गाळण्याचा वेगही मंदावतो.

टी-४ पुन्हा खाली गेलं आणि क्रिएटिनिन वाढलेलं राहिलं तर टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक) तपासावं. टी-४ कमी आणि टीएसएच वाढलेलं, म्हणजे मात्रा नक्की जास्त आहे. टी-४ कमी पण टीएसएच वाढलेलं नाही, तर किडनीसारख्या दुसऱ्या आजारानंही टी-४ दबलेलं असू शकतं. इथे एक खबरदारी. मांजराचं टीएसएच सहसा कुत्र्यांसाठी बनवलेल्या किटवर मोजतात. माणसांच्या लॅबमधल्या टीएसएचच्या आकड्याला मांजराच्या बाबतीत अर्थ नाही.

माणसांच्या लॅबचा विषय निघालाच आहे, आणि मनीचं एक वर्ष त्यात गेलं, म्हणून सगळ्याच वाचकांसाठी सांगते. आपल्याकडे लहान शहरांत, आणि रविवारी मोठ्या शहरांतही, प्राण्यांचे नमुने माणसांच्या लॅबमध्ये जातात. टी-४ हा रेणू दोघांत सारखाच असल्यानं आकडा मिळतो. पण कागदावर छापलेली मर्यादा माणसांची असते, साधारण ५ ते १२. मांजरात ५.८ म्हणजे सरळ सरळ वाढलेलं थायरॉईड, आणि तिथे शेजारी 'नॉर्मल' लिहून येतं. उलट क्रिएटिनिनमध्ये माणसांची वरची मर्यादा १.२-१.३ च्या आसपास असते, त्यामुळे मांजराचं १.४ लाल होऊन येतं आणि घरचे घाबरतात. आणखी एक पेच : किडनीचा आजार टी-४ ला खाली खेचतो. म्हणून दहा वर्षांच्या पुढचं मांजर खाऊनही वाळत असेल आणि टी-४ मर्यादेच्या वरच्या निम्म्या भागात, समजा ३.५ असेल, तर ते नॉर्मल म्हणून सोडू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं किंवा मुक्त टी-४ (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी-४) करून घ्यावं.

गोळी देताना

आईंचा 'छळ' हा शब्द मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण दिवसातून दोनदा मानगूट धरून तोंड उघडणं हा छळ होऊ शकतो. तसं करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. वाढलेल्या थायरॉईडचं मांजर भुकेलं असतं, त्याचा फायदा घ्या. उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा गोळा करा. आधी एक रिकामा द्या, मग गोळीचा, मग लगेच तिसरा पुन्हा रिकामा. तिसऱ्याच्या वासानं दुसरा न चावता गिळला जातो. हातानं घशात गोळी द्यावीच लागली तर मागोमाग सिरिंजनं ३-५ मिली पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते.

गोळी कुटून खाण्यात मिसळू नका. अर्धं खाणं उरलं की किती औषध गेलं ते कळत नाही, आणि भुकटी हवेत उडते. घरात कुणी गरोदर किंवा बाळाला पाजणारी असेल तर तिनं ही तुटलेली गोळी हाताळू नये, वाळूचा ट्रेही साफ करू नये. बाकीच्यांनी अर्धी केल्यावर हात धुवावेत. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलमही असतं. गोळी अजिबात न घेणाऱ्या मांजरांना ते उपयोगी पडतं, पण परिणाम उशिरा दिसतो आणि किती शोषलं जाईल याचा भरवसा कमी. बनवून देणारी फार्मसी मिळाली तरच त्याचा विचार करा; लावताना हातमोजा घालायचा, कान आलटून-पालटून वापरायचे आणि आधीचा थर ओल्या कापसानं पुसायचा.

पहिल्या काही आठवड्यांत थोडी उलटी, थोडं कमी खाणं दिसू शकतं. ते मात्रा कमी केल्यावर किंवा खाण्यासोबत दिल्यावर बहुधा जातं. पण चेहरा आणि मान ओरबाडून रक्त काढण्याइतकी खाज, डोळ्यांचा किंवा हिरड्यांचा पिवळेपणा, अंगावर जखम नसताना रक्ताचे ठिपके, किंवा ताप आणि पूर्ण खाणं बंद, यांपैकी काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. यकृतावर किंवा रक्तपेशींवर परिणाम झाल्याची ती लक्षणं असतात, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतात. म्हणून त्या काळात प्रत्येक तपासणीत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताचे आकडेही घ्यावेत. चेहऱ्याच्या खाजेसाठी कार्बिमॅझोल सोडून मेथिमॅझोलवर जाणं उपयोगाचं नाही, दोन्ही शेवटी एकच.

रक्तदाब मोजलाच पाहिजे

दोन्ही आजार रक्तदाब चढवतात, आणि थायरॉईड आटोक्यात आल्यानंतर काही महिन्यांनीही तो नव्यानं चढू शकतो. पहिली खूण बऱ्याचदा अशी येते की मांजर एका सकाळी भिंतीला धडकतं. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, आणि दृष्टी परत येण्याची शक्यता कमी असते. हे टाळण्यासारखं आहे.

मोजताना घाई नको. दवाखान्यात भुंकणाऱ्या कुत्र्यांशेजारी बसवून लगेच मोजलं तर १८० येईल आणि ते भीतीचं असेल. शांत खोलीत पिंजऱ्याचं झाकण काढून पाच-दहा मिनिटं तिला तशीच राहू द्या. पायाला गुंडाळायच्या पट्ट्याची (कफची) रुंदी पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी, पहिलं माप सोडून पुढच्या पाच-सहा मापांची सरासरी धरायची. १४० च्या आत ठीक. पुन्हा पुन्हा मोजूनही १६० च्या वर राहिलं तर उपचार, आणि १८० च्या वर डोळ्यांना, मेंदूला लगेच धोका. मांजरासाठी अ‍ॅम्लोडिपिन पूर्वीपासून वापरलं जातं, सुरुवात बहुधा २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, दिवसातून एकदा. लघवीतून प्रथिनं जात असतील, म्हणजे ते प्रमाण ०.४ च्या वर असेल, तर टेल्मिसार्टनचा विचार डॉक्टर करतात. ही औषधं घरात आजोबांसाठी असतात म्हणून स्वतःहून सुरू करू नका; माप न घेता दाब उतरवला तर किडनीला रक्त कमी पडतं.

आता किडनी

टी-४ योग्य जागी असताना क्रिएटिनिन १.६ ते २.८ मध्ये राहिलं तर मनीचा आजार आंतरराष्ट्रीय मापानुसार दुसऱ्या टप्प्यातला. २.९ ते ५ तिसरा, ५ च्या वर चौथा. दुसऱ्या टप्प्यातली अनेक मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात. (तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असेल तर डॉक्टर टी-४ मुद्दाम थोडं वर, मर्यादेच्या मधोमध ठेवतात, तुम्हाला सध्या त्याची गरज दिसत नाही.)

या टप्प्यावर सगळ्यात जास्त फरक पडतो तो फॉस्फरसनं. मनीचं ५.४ आहे, दुसऱ्या टप्प्यात ते ४.६ च्या आत हवं. त्यासाठी किडनीचं खास खाणं. पण तुम्ही ते गोळीसोबत एकाच दिवशी, तेही कोरडं, सगळं बदलून दिलंत आणि तिनं तोंड फिरवलं. एकाच वेळी दोन बदल केले की काय बिघडलं ते कळत नाही, आणि मळमळत असताना दिलेलं खाणं मांजर कायमचं नापसंत करतं. आधी थायरॉईड बसू द्या. वाढलेल्या थायरॉईडमध्ये स्नायू गळत असताना प्रथिनं कमी करणं तसंही बरं नाही. टी-४ स्थिरावल्यावर, ती बरी खात असताना, ओल्या किडनी-खाण्याचा एक छोटा चमचा नेहमीच्या खाण्यात, आणि तिथून चार-सहा आठवड्यांत हळूहळू वाढवा. दीड-दोन महिन्यांनी तरीही फॉस्फरस उतरला नाही तर फॉस्फरस बांधणारं औषध, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा तत्सम, जोडतात. ते खाण्यात मिसळूनच द्यायचं, कारण ते पोटातल्या खाण्यातला फॉस्फरस पकडतं. रिकाम्या पोटी दिलं तर वाया. माणसांच्या अ‍ॅसिडिटीच्या बाटलीतलं देऊ नका, त्यात मॅग्नेशियम आणि इतर भर असते.

तिनं ते खाणं घेतलंच नाही तर? मग जे खाते ते. उपाशी मांजराचं यकृत थोड्याच दिवसांत चरबीनं भरतं, आणि ते वाढलेल्या फॉस्फरसपेक्षा लवकर मारतं. बिनहाडाचं चिकन, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग हे त्यातल्या त्यात कमी फॉस्फरसचं. कलेजी, हाडांचा रस्सा, माशांची डोकी, दूध यांत तो भरपूर. आणि आईंनी दुपारी दिलेला सुका बोंबील बंद करावाच लागेल, त्यात मीठही आहे आणि काट्यांसकट फॉस्फरसही. त्यांना दुसरं काही द्यायला सांगा, म्हणजे देण्याचा आनंद राहील : उकडलेल्या चिकनचे धागे कोमट पाण्यात घालून, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. नुसतं घरचं खाणं कायमचं चालवायचं असेल तर टॉरीन (मांजराला खाण्यातून लागणारा एक आवश्यक घटक) आणि कॅल्शियमचा हिशोब डॉक्टरांकडून लिहून घ्यावा लागतो.

पाणी भरपूर. खोल्यांत तीन-चार ठिकाणी रुंद वाट्या, खाण्याच्या ताटलीपासून आणि ट्रेपासून लांब. रात्री ती फार शू करते म्हणून पाणी उचलून ठेवणारी घरं असतात. तसं कधीही करू नका, ती पिते कारण तिची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. किती पिते ते आठवड्यातून एकदा मोजा : सकाळी मापानं ओता, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. एका किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या वर, म्हणजे मनीसाठी १६० मिलीच्या वर, हे जास्त.

सलाईनबद्दल मात्र शेजारच्या बाईंना नम्रपणे थांबवा. त्यांच्या मांजराला ते लागत असेल. मनी खाते, पिते, बहुधा दुसऱ्या टप्प्यात आहे; तिला त्याची गरज दिसत नाही. त्याहून महत्त्वाचं, वाढलेल्या थायरॉईडनं तिचं हृदय आधीच ताणलेलं आहे, आणि आता गोळीही बंद आहे. अशा वेळी रोज १०० मिली कातडीखाली घातलं तर ते छातीत साचू शकतं. पुढे कधी लागलंच तर आधी हृदय तपासून, रिंगर लॅक्टेट (क्षारांचं एक सलाईन), डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानं. ग्लुकोजचं सलाईन कातडीखाली घालायचं नसतं. आणि आजपासून एक सवय लावा : ती गाढ झोपलेली असताना छातीची वर-खाली मोजा, एका मिनिटात ३० च्या आत हवी. सलाईन चालू असो वा नसो, ही संख्या सलग वाढत गेली तर हृदयाकडे पाहावं लागतं.

पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं तर मान खाली झुकते, उडी चुकते. म्हातारपण समजून सोडू नका, ते औषधानं सुधारतं. भूक मेली तर डॉक्टर मिर्टाझॅपिन देतात, ७.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, आणि किडनीच्या मांजराला एक दिवस आड. जास्त झालं तर मांजर अस्वस्थ होऊन ओरडत फिरतं, जे थेट वाढलेल्या थायरॉईडसारखं दिसतं. त्यामुळे असं झालं तर कार्बिमॅझोल वाढवण्याआधी हे आठवा. संधिवातासाठी मेलॉक्सिकॅमसारखं औषध कुणी सुचवलं तर किडनीचं सांगितल्याशिवाय घेऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला कधीच नाही, अर्धी गोळीही जीवघेणी असते.

रेडिओआयोडीन आणि शस्त्रक्रिया यांबद्दल तुम्ही विचारलं आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये रेडिओआयोडीन हा पहिल्या पसंतीचा उपाय आहे, कारण तो मुळापासून बरं करतो. पण जे कायमचं आहे ते मागे घेता येत नाही. किडनी उघडी पडलेल्या मांजरात आधी गोळीवर टी-४ बसवून किडनी कशी वागते ते पाहावं, आणि गोळीचा तोच मोठा गुण आहे : ती कमी करता येते. शस्त्रक्रियेत भूल, आणि शेजारच्या पॅराथायरॉईड ग्रंथींना इजा होऊन कॅल्शियम कोसळण्याचा धोका. कमी आयोडीनचं खास खाणं हाही मार्ग आहे, पण ते एकमेव खाणं म्हणूनच चालतं, एक बोंबीलही बाहेरचा नको, आणि किडनीचं खाणं त्यासोबत देता येत नाही. तुमच्या घरात ते टिकणार नाही असं वाटतं.

आईंना सांगा की आता दोन पूर्ण गोळ्यांऐवजी दोन अर्ध्या आहेत, आणि त्या चिकनच्या गोळ्यात आहेत. छळ होतोय का हे अंदाजानं ठरवू नका, भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठरवा. दर रविवारी वजन. रोज एक खूण, खाल्लं की नाही, स्वतःला चाटून साफ केलं की नाही, आपल्या आवडत्या जागी जाऊन बसली की नाही. तीन महिन्यांनी ते पान आणि रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर बसा. तेव्हाही ती खंगतच असेल, कोपऱ्यात लपत असेल, प्रत्येक गोळीला पळत असेल, तर उपचार कमी करण्याबद्दल बोलणं पूर्ण रास्त आहे, आणि तसं बोलल्यानं तुम्ही तिच्यावर कमी माया करता असं होत नाही. पण ते बोलणं आज नको. योग्य मात्रेवर मनी कशी असते हे अजून कुणीच पाहिलेलं नाही.

तोपर्यंत, तिनं २४ तास काहीच खाल्लं नाही, तोंड उघडून श्वास घेऊ लागली, अचानक दिसेनासं झालं, किंवा मागचे पाय एकाएकी लुळे पडून गार लागले आणि ती किंचाळली, तर पुढच्या तपासणीची तारीख पाहू नका. रात्र असेल तरी निघा. जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर त्याच कॅलेंडरवर लिहा.